रेखाटलेले कुटुंब व उसना आवाज : ‘द सिम्प्सन्स’ मालिकेच्या इतिहासाचा एक विचार

नाटकात पात्राचा देह व पात्राचा आवाज ही दोन्ही एकाच नटाची असतात. मराठी रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करीत त्या काळातही लुगडे नेसलेला देह आणि त्यातून निघणारा स्वर यांचा धनी एकच होता. रेखाटलेल्या चित्रपटात, म्हणजे ज्यास आज सर्रास अॅनिमेशन म्हणतात त्यात, ही गाठ मुळातच सुटलेली असते. आकृती एक जण काढतो, तिच्या हालचाली प्रसंगी दुसऱ्या देशातील कारागीर भरतात, आणि बोलतो तो तिसराच. ‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन मालिका १९८९ पासून चालू आहे. प्रौढ प्रेक्षकांसाठी रचलेले एका विक्षिप्त कुटुंबाचे प्रहसन या नात्याने तिचा विचार पुष्कळ झाला; कुटुंबसंस्थेचा उपहास, दूरचित्रवाणीचा उपहास, मध्यमवर्गीय सुखाचा उपहास या अंगांनी तिच्यावर विपुल लिहिले गेले. परंतु या मालिकेचे सामर्थ्य आणि तिचा सर्वांत गंभीर दोष ही दोन्ही एकाच उगमापासून निघाली आहेत. तो उगम म्हणजे देहापासून सुटलेला आवाज होय. मालिकेचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत रात्रीच्या मुख्य प्रक्षेपणवेळेत, घरातील वडील मंडळी संचासमोर बसत त्या वेळी, दाखविली गेलेली पहिली व्यंगचित्रमालिका म्हणजे हॅना-बार्बेरा यांची ‘द फ्लिंटस्टोन्स’. ३० सप्टेंबर १९६० पासून १ एप्रिल १९६६ पर्यंत तिचे १६६ भाग प्रक्षेपित झाले. तिचा साचा ‘द हनीमूनर्स’ या १९५५–५६ च्या जिवंत नटांच्या प्रहसनमालिकेवरून उचललेला होता. अश्मयुगाचा देखावा उभा करून त्यात उपनगरी अमेरिकन संसार बसविला होता. आरंभीच्या काळात ती एका सिगारेट कंपनीच्या आश्रयाने चाले व जाहिरातीत तिची पात्रे स्वतः धूम्रपान करीत. यावरून हा प्रकार तेव्हा केवळ बालकांसाठी मानला जात नव्हता, हे उघड होते. तिच्यात ध्वनिमुद्रित हशा जोडलेला असे. १९६६ नंतर मात्र दोन दशकांहून अधिक काळ या वाटेने जाऊन कोणास टिकाऊ यश लाभले नाही, आणि व्यंगचित्रपट म्हणजे शनिवारी सकाळी मुलांनी पाहावयाची वस्तू, ही समजूत पक्की झाली.

ही समजूत मोडली ती काहीशा अपघाताने. मॅट ग्रेनिंग हे १९७७ पासून ‘लाइफ इन हेल’ ही व्यंगचित्रमाला काढीत असत. निर्माते जेम्स ब्रुक्स यांनी ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमासाठी त्यांना बोलावले, तेव्हा जुन्या पात्रांवरील हक्क हातचा जाईल या भीतीने भेटीपूर्वी बाहेर बसल्या बसल्या आपण हे नवे कुटुंब रेखाटले, अशी हकीकत ग्रेनिंग यांनीच सांगितली आहे. नावे त्यांनी घरातलीच घेतली : वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा व मॅगी. स्वतःचे नाव न देता मुलाला बार्ट म्हटले. अक्षरे फिरविली असता त्यातून व्रात्य पोर या अर्थाचा इंग्रजी शब्द निघतो. १९ एप्रिल १९८७ रोजी पहिली चिमुकली चित्रफीत दाखविली गेली व दोन वर्षांत अशा ४८ झाल्या. होमरचा आवाज डॅन कॅस्टेलानेटा यांनी व मार्जचा ज्युली कॅव्हनर यांनी दिला. ही दोघे उलमन यांच्या नटसंचात आधीपासूनच होती. बाहेरून आणखी नट आणण्याऐवजी त्यांच्याकडूनच काम भागवून घेतले गेले. जगातील सर्वांत परिचित आवाजांपैकी दोन अशा रीतीने काटकसरीतून जन्मले. नॅन्सी कार्टराइट या लिसाच्या भूमिकेसाठी गेल्या होत्या. बार्टचे वर्णन वाचून त्यांनी तीच भूमिका मागून घेतली. दहा वर्षांचा हा मुलगा तेव्हापासून एका प्रौढ स्त्रीच्या कंठातून बोलत आहे. लिसाचा आवाज यार्डली स्मिथ यांना मिळाला.

अर्ध्या तासाची मालिका करण्याचे ठरले तेव्हा ब्रुक्स व ग्रेनिंग यांच्या जोडीला सॅम सायमन आले. अमेरिकन पद्धतीत संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात व मग त्या ध्वनीला जुळेल असे तोंड रेखाटले जाते. अर्थात कालक्रमाने पाहता आवाज हे मूळ व चित्र हे त्याचे अनुसरण होय. चित्रणाचे बरेचसे काम दक्षिण कोरियात होई. पहिला म्हणून योजिलेला भाग तेथून परत आला तो इतका असमाधानकारक, की त्यातील सुमारे ७० टक्के चित्रण पुन्हा करावे लागले व तो १३ मे १९९० रोजी, हंगामाच्या शेवटी, दाखविला गेला. त्यामुळे १७ डिसेंबर १९८९ रोजी नाताळाच्या कथेने मालिका सुरू झाली. ध्वनिमुद्रित हशा तिने घेतला नाही. हे वरवर लहान वाटणारे वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. कारण प्रेक्षकाने कोठे हसावे हे सांगणारा जमाव नसल्यावर ते सांगण्याचा भार सर्वस्वी बोलणाऱ्याच्या हेलावर पडतो.

कुटुंब विक्षिप्त होते म्हणजे काय? बाप आळशी, खादाड व मुलाचा गळा आवळणारा. मुलगा अभ्यासात मागे व त्याची लाज न बाळगणारा. आठ वर्षांची मुलगी घरातील सर्वांपेक्षा शहाणी. आई सहनशील, पण मूक नव्हे. तरीही हे कुटुंब मोडत नाही, चर्चला जाते आणि रात्री एकाच कोचावर येऊन बसते. १९९० मध्ये बार्टच्या चित्राचे व त्याच्या नापासपणाचा अभिमान मिरविणारे सदरे कित्येक शाळांनी बंद केले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी एका मुलाखतीत या मालिकेइतका मूर्खपणा आपण पाहिला नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावर त्यांना मार्ज सिम्प्सनच्या सहीचे नम्र पत्र गेले, आणि बार्बरा बुश यांनी त्याला दिलगिरीचे उत्तर पाठविले! २७ जानेवारी १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी धार्मिक प्रक्षेपकांच्या सभेत अमेरिकन कुटुंबांनी वॉल्टन कुटुंबासारखे अधिक व सिम्प्सन कुटुंबासारखे कमी व्हावे, असे सांगितले. ‘द वॉल्टन्स’ ही मालिका मंदीच्या काळातील एका ग्रामीण कुटुंबाची होती. तीनच दिवसांनी एका जुन्या भागाच्या आरंभी नवा तुकडा जोडला गेला : सिम्प्सन मंडळी राष्ट्राध्यक्षांचे भाषण पाहत आहेत, आणि बार्ट म्हणतो की आम्हीही वॉल्टनांसारखेच, मंदी संपण्याची प्रार्थना करीत आहोत. या प्रसंगाचा उल्लेख राजकीय खोडी म्हणून केला जातो. त्यापेक्षा अधिक लक्षणीय गोष्ट अशी, की रेखाटलेल्या पात्रांना राष्ट्राध्यक्ष व त्यांच्या पत्नी या दोघांनीही प्रतिपक्ष मानले. चित्राला बोलण्याचा अधिकार समाजाने मान्य केला होता.

त्या बोलण्याची भाषेवर पडलेली छाप तर कोशात नोंदली गेली आहे. होमरचा चुकीच्या क्षणी निघणारा तो उद्गार देवनागरीत विसर्गानेच लिहावा लागेल, ‘डोः’ असा. संहितेत तो शब्द नसतोच. तेथे केवळ ‘त्रासिक हुंकार’ अशा अर्थाची सूचना असते. लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रपटांतील जेम्स फिनलेसन हा नट असाच एक लांबट कण्हणारा उद्गार काढी. कॅस्टेलानेटा यांनी तो घेतला व चित्रपटाचा वेळ वाचावा म्हणून ग्रेनिंग यांनी तो आखूड करावयास सांगितला. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाने त्याची नोंद केली. लेखकाने न लिहिलेला, नटाच्या कंठातच घडलेला असा शब्द कोशापर्यंत जावा, हे उदाहरण विरळा. याच्या उलट दिशेचे उदाहरण १८ फेब्रुवारी १९९६ च्या भागात सापडते. गावच्या संस्थापकाच्या वचनात ‘मोठे करणे’ या अर्थाचे ‘एम्बिगन’ हे क्रियापद येते. एक शिक्षिका त्याविषयी शंका घेते; दुसरी ते पूर्णपणे ‘क्रोम्युलंट’ आहे, असा निर्वाळा देते. म्हणजे एका बनावट शब्दाच्या ग्राह्यतेला दुसऱ्या बनावट शब्दाची साक्ष! भाषेतील मान्यता कशी निर्माण होते यावर इतके नेमके भाष्य पाठ्यपुस्तकांतही क्वचित आढळते. ‘एम्बिगन’ हा शब्द २०१८ मध्ये मेरिअम-वेब्स्टर कोशात दाखल झाला. (१८८४ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात तो एकदा येऊन गेला होता, हा निराळा योगायोग.)

सहा प्रमुख नटांनी एक अख्खे गाव बोलके केले. वरील चौघांखेरीज हॅरी शिअरर व हँक अझारिया हे ते दोघे. त्यांतील काहींकडे डझनभर आवाज असत. धाकटी मॅगी बोलतच नाही. ३ डिसेंबर १९९२ रोजी तिने पहिला शब्द उच्चारला, तोही कोणी ऐकायला खोलीत नसताना, आणि त्या एका शब्दासाठी एलिझाबेथ टेलर यांना बोलाविण्यात आले. चित्र आणि आवाज यांच्यातील अंतराची इतकी श्रीमंत थट्टा दुसरी नसेल.

हे अंतर पैशातही मोजले गेले. १९९८ मध्ये सहा नटांनी वेतनवाढ मागितली तेव्हा त्यांच्या जागी दुसरे आवाज आणण्याची तयारी फॉक्सने सुरू केली होती. चेहरा दिसत नाही, तर नट बदलल्याचे कोणास कळणार, हा त्यामागील हिशेब. अखेरीस एका भागाचे ३०,००० डॉलर होते ते १,२५,००० झाले. त्या हिशेबात काहीतरी चूक होती, हे त्या आकड्यांनीच सिद्ध केले. त्याच वर्षी २८ मे रोजी फिल हार्टमन यांची हत्या झाली व त्यांच्या आवाजाची दोन्ही ठळक पात्रे, नट ट्रॉय मॅक्लूर व वकील लायोनेल हट्झ, मालिकेतून निवृत्त केली गेली. २०१३ मध्ये मार्शा वॉलेस वारल्या आणि बार्टची शिक्षिका एडना क्रॅबॅपल हिचाही शेवट झाला. चित्र अमर, परंतु आवाज मर्त्य; आणि त्या प्रसंगी निर्मात्यांनी चित्राने आवाजामागून जावे असे ठरविले. हा नियम सर्वत्र पाळला गेला नाही. रसी टेलर २०१९ मध्ये वारल्यावर त्यांचे बालपात्र दुसऱ्या नटीकडे गेले, आणि २०२४ मध्ये पामेला हेडन निवृत्त झाल्या तेव्हा बार्टचा मित्र मिलहाउस नव्या कंठाने बोलू लागला.

आवाज काढून घेऊन दुसरा बसविल्याने काय होते, याची कसोटी परदेशातही झाली. २००५ च्या रमजानमध्ये एमबीसी या अरबी वाहिनीने मालिकेचे अरबी रूपांतर ‘अल् शमशून’ या नावाने आणले. होमरचा उमर झाला, बार्टचा बद्र. उमरला आवाज दिला तो मोहम्मद हेनेदी या नामवंत इजिप्शियन विनोदी नटाने. बिअरच्या जागी साधे शीतपेय आले. ५२ भागांचे रूपांतर झाले, पण ३४ दाखविल्यावर ते थांबले. चित्रे तीच होती. बिअर न पिणारा, मद्यगृहात न बसणारा होमर हा पिवळ्या रंगाचा कोणी परका गृहस्थ होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या इतिहासातील अवघड प्रकरणाकडे वळले पाहिजे. गावातील क्विकी-मार्ट या दुकानाचा चालक अपू नहसपीमपेटिलॉन हा २५ फेब्रुवारी १९९० च्या भागात प्रथम आला. नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीतील अपूवरून घेतलेले; आडनाव मात्र कोणत्याही भारतीय भाषेतील आडनावांच्या घडणीशी जुळत नाही, व हसू यावे इतके लांबविलेले आहे. आवाज हँक अझारिया यांचा. हा आवाज आला कोठून, याच्या दोन हकीकती आहेत. लेखक माईक रीस यांच्या सांगण्याप्रमाणे दुकानदार भारतीय नसावा, तो साचा फार वापरला गेला आहे, अशी सूचना संहितेत होती. तरीही सामूहिक वाचनाच्या वेळी अझारिया यांनी ते वाक्य भारतीय ढबीत म्हटले, प्रचंड हशा झाला, आणि दुकानदार भारतीय झाला. अझारिया यांनी २००७ च्या सुमारास सांगितले ते असे, की भारतीय आवाज काढता येईल का, व तो किती बोचरा काढता येईल, असे आपणास विचारण्यात आले होते. दोन्ही हकीकतींत पात्राला अद्याप नाव, स्वभाव, कथा यांपैकी काही नाही. आधी ढब, मग हशा, मग माणूस, असा क्रम दोहोंतही आहे, आणि तोच निर्णायक होय.

ती ढबही कोणा भारतीयाकडून घेतलेली नव्हती. १९६८ च्या ‘द पार्टी’ या चित्रपटात पीटर सेलर्स यांनी तोंडाला रंग फासून एक भारतीय नट रंगविला होता; त्याचे ऋण अझारिया यांनी मान्य केले आहे. म्हणजे हे सोंगाचे सोंग झाले. इंग्रजीतील वर्त्स्य ध्वनींच्या जागी मूर्धन्य ट-ड, दोन निरनिराळ्या ओष्ठ्य ध्वनींची गल्लत, आघातांची वेगळी वाटणी, ही भारतीयांच्या इंग्रजीची लक्षणे आहेत यात शंका नाही. मराठीने ‘टेबल’ व ‘डॉक्टर’ हे शब्द मूर्धन्यांनीच घेतले. परंतु मराठी, बंगाली व तमिळ भाषकांच्या इंग्रजीतील हेल परस्परांपासून इतके भिन्न आहेत, की जाणकार कानाला दोन वाक्यांत बोलणाऱ्याचा प्रांत ओळखता येतो. अपूचा प्रांत ओळखता येत नाही. नाव बंगाली, पण उच्चारात बंगालीचा मागमूस नाही. शिल्पा दवे यांनी अशा अभिनयाला ‘ब्राउन व्हॉइस’, तपकिरी आवाज, असे नाव दिले व २०१३ च्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चिकित्सा केली. सेलर्स यांना रंग लावावा लागला होता. अझारिया यांना लागला नाही. रंग चित्रकाराने भरला, आवाज नटाने दिला, आणि सोंग कोणीच घेतले नाही अशी सर्वांची समजूत राहिली. सिम्प्सन कुटुंब पिवळे आहे, म्हणजे ज्या रंगाचा मनुष्य नसतो त्या रंगाचे. अपू मात्र खराखुरा तपकिरी. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, पहिला रंग अचिन्हित आणि दुसरा चिन्हित होय.

न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की अपू हे पात्र पुढे पोकळ राहिले नाही. तो शाकाहारी आहे, संगणकशास्त्रातील डॉक्टर आहे, त्याचे लग्न १९९७ मध्ये प्रेक्षकांनी पाहिले. ५ मे १९९६ चा भाग तर मालिकेतील उत्तम भागांपैकी एक होय. कॅलिफोर्नियातील १९९४ च्या परदेशीयविरोधी प्रस्तावाची छाया त्यावर आहे. हद्दपारी टाळण्यासाठी अपू खोटी कागदपत्रे घेतो, गोपाळाची टोपी घालतो आणि अमेरिकन ढबीत बोलू लागतो. पुढे आईवडिलांच्या स्मरणाने त्याला आपलीच लाज वाटते व तो ती ढब टाकून देतो. येथे गुंतागुंत पाहण्यासारखी आहे : अमेरिकन नट भारतीय ढबीत बोलत असतो, तो अमेरिकन ढब घेतो तेव्हा पात्र खोटे ठरते, आणि पुन्हा उसन्या ढबीत आला म्हणजे ते खरे ठरते. लेखकांची सहानुभूती प्रामाणिक होती. पण ज्या आवाजाला त्यांनी अपूचा स्वाभिमान म्हटले, तो आवाज मुळात वाचनाच्या टेबलावरील हशासाठी काढलेला होता.

१९९० च्या जनगणनेत अमेरिकेतील भारतीयांची संख्या सुमारे ८ लाख १५ हजार, म्हणजे दर हजारी तीन-चार इतकीच होती. बहुसंख्य अमेरिकनांच्या कानी पडणारा नित्याचा भारतीय आवाज अपूचाच. मालिकेत कॅस्टेलानेटा यांच्या आवाजातील स्कॉटिश माळी विली आहे, अझारिया यांचाच इटालियन आचारी लुइजी आहे. त्यांच्यावर आक्षेप का नाही, असे विचारले जाते. उत्तर अवघड नाही. स्कॉटिश व इटालियन माणसांचे शेकडो इतर आवाज त्याच पडद्यावर उपलब्ध होते. दक्षिण आशियाई मुलांना वर्गात अपूच्या ढबीत चिडविले जाई, व तिला खोडून काढील असा दुसरा आवाज त्यांच्या हाताशी नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी १९ नोव्हेंबर २०१७ रोजी दाखविलेल्या ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या अनुबोधपटात हेच मांडले. ते स्वतः मालिकेचे चाहते होते व अपूला काढून टाका, अशी त्यांची मागणी नव्हती. मालिकेला याची चाहूल आधीच लागली असावी : २०१६ च्या एका भागात भारतीय वंशाचे उत्कर्ष आंबुडकर यांच्या आवाजातील पुतण्या अपूला तोंडावर साचेबंद म्हणतो. तथापि ८ एप्रिल २०१८ चे अधिकृत उत्तर निराशाजनक होते. एकेकाळी वाहवा मिळविलेली निरुपद्रवी गोष्ट आता अयोग्य ठरली, तर करायचे काय, अशा आशयाचे वाक्य अपूच्या तसबिरीशेजारी लिसाच्या तोंडी घातले गेले. तेही लिसाच्या, जी तीस वर्षे या कुटुंबाची सदसद्विवेकबुद्धी होती.

अझारिया यांची भूमिका अधिक उमदी निघाली. त्याच महिन्यात त्यांनी दूर होण्याची तयारी दाखविली व लेखकांच्या खोलीत भारतीय माणसे असावीत, असे सुचविले. जानेवारी २०२० मध्ये आपण हा आवाज यापुढे देणार नाही, असे जाहीर केले. २०२१ मध्ये क्षमा मागितली. जून २०२० मध्ये गोरेतर पात्रांना यापुढे गोऱ्या नटांनी आवाज देऊ नये, असे निर्मात्यांनी ठरविले. होमरचा सहकारी कार्ल अॅलेक्स डेझर्ट यांच्याकडे गेला, डॉक्टर हिबर्ट २०२१ मध्ये केव्हिन मायकेल रिचर्डसन यांच्याकडे. दोघेही पूर्ववत बोलतात. अपूसाठी मात्र कोणासही नेमले गेले नाही. तो काढून टाकलेला नाही. अधूनमधून गर्दीत उभा असलेला दिसतो, पण बोलत नाही. मृत नटाच्या पात्राला निवृत्ती, निवृत्त नटीच्या पात्राला नवा कंठ, आणि ज्या एका पात्राच्या आवाजाविषयी रास्त तक्रार झाली त्याला मौन, असा हा निवाडा आहे. तक्रार आवाज उसना असल्याची होती. त्यावर उपाय म्हणून आवाजच काढून घेतला गेला, आणि नव्या भारतीय नटाचा शोध घेण्याचे श्रम टळले. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेला २०२८–२९ च्या हंगामापर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. होमर व मार्ज यांचे आवाज देणारी दोघे आता वृद्ध झाली असून मार्जच्या बोलण्यात ते ऐकूही येते. तिचा आवाज केव्हातरी दुसऱ्याकडे सोपवावा लागेल, तेव्हा त्याचा विचार मात्र पुष्कळ आधीपासून होईल, यात शंका नाही.